निडोक्वीनला पिल्ले का नाहीत? पोकेमॉनमधील बारीकसारीक विसंगतींची कैफियत

पोकेमॉनच्या विश्वात निडोक्वीन नावाची एक राणी आहे. तिच्या अंगावर कठीण खवले आहेत, तिची धडक शत्रूला दूर भिरकावते, आणि पिल्लांच्या रक्षणासाठी उभी राहते तेव्हा तिचे बळ सर्वाधिक असते, असे खेळातील माहितीकोशच सांगतो. अडचण एवढीच, की याच खेळाच्या नियमानुसार निडोक्वीनला पिल्ले होऊ शकत नाहीत. तिला पाळणाघरात कोणत्याही जोडीदारासोबत ठेवा, कितीही वाट पाहा, अंडे मिळत नाही. तिची बाल्यावस्था असलेली मादी निडोरान अंडे देऊ शकते. तीच मोठी होऊन निडोरिना झाली, की ही क्षमता नाहीशी होते आणि पुढे निडोक्वीन झाल्यावरही परत येत नाही. नरांना मात्र असे बंधन नाही. निडोरान, निडोरिनो आणि निडोकिंग या तिन्ही अवस्थांत त्यांना अपत्यप्राप्तीची मुभा आहे.

ही विसंगती १९९९ साली 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' या आवृत्त्यांसोबत जन्माला आली आणि पुढील अनेक आवृत्त्यांत जशीच्या तशी चालत आली. तिच्यामुळे कोणाचा खेळ अडत नाही की कोणाची हार होत नाही. तरीही पोकेमॉनचे जुने चाहते एकत्र आले, की हा विषय निघतोच, आणि त्यापाठोपाठ अशा आणखी दहा-वीस तक्रारी बाहेर पडतात. ज्यांनी हा खेळ कधी खेळलेला नाही, त्यांना हा सारा प्रकार रिकामपणाचा उद्योग वाटण्याची शक्यता आहे. परंतु एवढ्याशा चुकीने इतकी माणसे इतकी वर्षे का अस्वस्थ होतात, हे समजून घेतले, तर दीर्घकाळ चालणारी कोणतीही कलाकृती आणि तिचा चाहता यांच्यातील नात्याविषयी बरेच काही कळते.

नियम हीच कथा

२७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये 'रेड' आणि 'ग्रीन' हे पोकेमॉनचे पहिले दोन खेळ निन्टेंडोच्या 'गेम बॉय' या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी प्रसिद्ध झाले. ते 'गेम फ्रीक' या संस्थेने घडवले होते. तिचे संस्थापक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा छंद होता आणि त्या छंदातूनच या खेळाची कल्पना सुचली. रानावनात हिंडावे, चित्रविचित्र प्राणी पकडावेत, त्यांना वाढवावे आणि इतरांच्या प्राण्यांशी त्यांची झुंज लावावी, असे त्याचे स्वरूप होते. पहिल्या खेळात असे १५१ प्राणी होते.

आपल्याकडे बहुतेकांना पोकेमॉन भेटला तो दूरचित्रवाणीवरील मालिकेतून. मूळ खेळ अनेकांच्या हाती फार उशिरा आला, आणि कित्येकांच्या हाती आलाच नाही. त्यामुळे पिकाचू सर्वांच्या ओळखीचा असला, तरी खेळाचा गाभा काय आहे हे थोडे सांगायला हवे.

या खेळातील कथानक साधे आहे. एक मूल घरातून बाहेर पडते, आठ 'जिम'च्या प्रमुखांना हरवते आणि अखेरीस विजेतेपद मिळवते. थोड्याफार फरकाने बहुतेक आवृत्त्यांत हेच घडते. खरी गुंतवणूक आहे ती नियमांत. प्रत्येक प्राण्याचा एक किंवा दोन 'प्रकार' असतात. पाणी आगीवर मात करते, आग गवतावर आणि गवत पाण्यावर. दगड-कागद-कात्रीचाच हा विस्तार आहे, पण विस्तार बराच मोठा. १९९६ मध्ये असे १५ प्रकार होते, १९९९ मध्ये ते १७ झाले आणि २०१३ मध्ये १८. हल्ला करणारा प्रकार आणि तो झेलणारा प्रकार अशा जोड्या मांडल्या, तर १८ प्रकारांचा तक्ता ३२४ चौकटींचा होतो. हा तक्ता पोरांना कोणी शिकवलेला नसतो. हरत-जिंकत, मित्रांना विचारत, वहीच्या मागच्या पानावर लिहून काढत तो त्यांना पाठ झालेला असतो.

म्हणजेच या खेळात खेळाडूची खरी कमाई असते ती नियमांच्या ज्ञानाची. यंत्र बदलते, आवृत्ती बदलते, चित्रे अधिक देखणी होतात, पण 'वीज जमिनीवर चालत नाही' हे एकदा शिकलेले सूत्र पुढच्या आवृत्तीतही उपयोगी पडते. निर्मात्यांनी न लिहिता दिलेले ते वचनच आहे, आणि छोटी विसंगती बोचते ती या वचनाला तडा जातो म्हणून.

मात्र सगळ्या विसंगती एका जातीच्या नाहीत. काही यंत्राच्या मर्यादेतून आल्या, काही अनेकांच्या हातून काम झाल्यामुळे, तर काही जाणीवपूर्वक घेतलेल्या निर्णयांतून. चाहत्यांचा राग या तिन्ही ठिकाणी सारखा नसतो.

शंभर टक्के म्हणजे शंभर नव्हे

पहिल्या खेळाची मूळ जपानी आवृत्ती सुमारे अर्ध्या मेगाबाइटची होती. आज भ्रमणध्वनीवरील एक साधे छायाचित्रही त्याहून अधिक जागा घेते. एवढ्याशा जागेत १५१ प्राणी, त्यांची चित्रे, आवाज, गावे, रस्ते आणि संवाद बसवायचे, म्हणजे एकेक अंक काटकसरीने वापरणे ओघाने आले.

या काटकसरीचा एक परिणाम प्रसिद्ध आहे. प्रत्येक चालीची अचूकता खेळात टक्क्यांनी सांगितली जाते. शंभर टक्के अचूकतेची चाल कधीच चुकणार नाही, असे कोणीही समजेल. परंतु यंत्राच्या पोटात ही अचूकता ० ते २५५ या अंकांत साठवलेली असे, कारण एका बाइटमध्ये तेवढेच अंक मावतात. शंभर टक्के म्हणजे २५५. चाल खेळली, की यंत्र ० ते २५५ मधील एक अंक काढी आणि तो साठवलेल्या अंकापेक्षा लहान असेल तरच चाल लागू होई. आता दैवयोगाने २५५ हाच अंक निघाला तर? २५५ हा २५५ पेक्षा लहान नाही, म्हणून चाल फुकट जाई. अशा रीतीने 'शंभर टक्के' अचूक चाल दर २५६ वेळांत सरासरी एकदा चुकत असे. तुलना करताना 'लहान' ऐवजी 'लहान किंवा समान' असे लिहिले असते, तर ही चूक झालीच नसती.

त्याच खेळात 'फोकस एनर्जी' नावाची एक चाल होती. निर्णायक घाव बसण्याची शक्यता वाढवणे हे तिचे काम. प्रत्यक्षात गणित उलटे झाल्यामुळे ती शक्यता एक चतुर्थांशावर येई. मन एकाग्र करणारा प्राणी न करणाऱ्यापेक्षा कमजोर ठरत असे.

दुसरे उदाहरण अझुरिलचे. २००२ च्या 'रुबी' आणि 'सफायर'मध्ये हा इवलासा निळा प्राणी आला. तो मोठा झाला की मॅरिल होतो. त्या काळी प्राणी नर की मादी ही माहिती स्वतंत्रपणे नोंदलेली नसे. प्रत्येक प्राण्याला जन्मतः एक अंक मिळे आणि त्या अंकाचा एक भाग त्या जातीसाठी ठरवलेल्या सीमारेषेशी ताडून पाहिला जाई. रेषेच्या खाली असेल तर मादी, वर असेल तर नर. अझुरिलची रेषा अशी होती, की चारांपैकी तिघी माद्या असाव्यात. मॅरिलची रेषा मात्र बरोबर मध्यावर होती. प्राण्याचा अंक जन्मभर तोच राही, रेषा मात्र मोठे होताना सरके. परिणाम असा, की दर तीन मादी अझुरिलपैकी एक, मॅरिल होताना नर बनून बाहेर पडे.

यात कोणाचा खोडसाळपणा नव्हता. दोन तक्ते होते, दोन्ही आपापल्या जागी बरोबर होते आणि ते एकमेकांशेजारी ठेवून कोणी पाहिले नव्हते. २०१३ च्या 'एक्स' आणि 'वाय' या आवृत्त्यांपासून हा प्रकार थांबला. या जातीच्या विसंगतींवर चाहते चिडत नाहीत, उलट कौतुकानेच बोलतात. पडद्यामागे काय चालते, हे त्या निमित्ताने दिसते. दर २५६ वेळांत एकदा चुकणाऱ्या चालीने कित्येक मुलांना बाइट म्हणजे काय, हे शाळेच्या आधी शिकवले असेल.

एक हात लिहितो, दुसरा हात खोडतो

दुसऱ्या जातीच्या विसंगतींत खेळाचा एक भाग एक सांगतो आणि दुसरा भाग नेमके त्याविरुद्ध वागतो. यातील सर्वांत जुनी तक्रार भुताखेतांची आहे.

पहिल्या खेळात 'सायकिक', म्हणजे मनःशक्तीचा प्रकार फारच प्रबळ होता. त्याला आवर घालणारे कोणी तरी हवे होते. सॅफ्रन शहरातील जिममध्ये एक प्रशिक्षक खेळाडूला सांगतो, की सायकिक प्राणी केवळ भुतांना आणि किड्यांना भितात. दूरचित्रवाणीवरील मालिकेतही हेच गृहीत धरले होते. सॅब्रिनाला हरवण्यासाठी ॲश मुद्दाम लॅव्हेंडर गावी जाऊन हॉन्टर या भुताला घेऊन येतो. परंतु खेळातील तक्त्यात भूत-प्रकाराच्या हल्ल्याचा सायकिक प्राण्यावरील परिणाम शून्य नोंदलेला होता. अर्धा नव्हे, पूर्ण शून्य. भरीस भर म्हणजे त्या खेळातील भुतांचे एकमेव कुटुंब 'विष' या प्रकाराचेही होते आणि विषावर सायकिकचा घाव दुप्पट बसत असे. ज्या मुलाने खेळानेच दिलेला सल्ला मानून भूत पुढे केले, त्याचा हल्ला वाया गेला आणि भूतही गारद झाले. १९९९ मध्ये ही चौकट दुरुस्त झाली आणि सल्ला खरा ठरला. मधल्या काळात हरलेल्या मुलांना मात्र आपलेच काही तरी चुकले असे वाटत राहिले.

चारिझार्डची कथाही अशीच. नारिंगी रंगाचा, आग ओकणारा, भल्यामोठ्या पंखांचा हा प्राणी पहिल्या खेळांच्या एका वेष्टनावरच झळकत होता. त्याचे प्रकार 'आग' आणि 'उडता' असे दोन. तरीही 'रेड' आणि तिच्या जोडीच्या आवृत्त्यांत त्याला 'फ्लाय', म्हणजे उडून एका गावातून दुसऱ्या गावी जाण्याची चाल शिकवता येत नव्हती. प्रकार 'उडता', पंख उघडे, आणि उडण्यास मनाई! १९९८ च्या 'यलो' आवृत्तीत ती मनाई उठली. चारिझार्ड ड्रॅगनसारखा दिसत असूनही ड्रॅगन का नाही, ही तक्रार मात्र आणखी लांबली. २०१३ मध्ये त्याला एक तात्पुरते रूप मिळाले, त्यात तो अखेर आग आणि ड्रॅगन या प्रकारांचा झाला.

खेळातील माहितीकोश, म्हणजे 'पोकेडेक्स', हे तर विसंगतींचे आगरच. वेलॉर्ड हा देवमासा तेथे १४.५ मीटर लांब आणि ३९८ किलो वजनाचा सांगितला आहे. जवळपास तेवढ्याच लांबीचा खरा हम्पबॅक देवमासा २५ ते ३० टनांचा असतो. वेलॉर्डपेक्षा चांगली पोसलेली म्हैस जड भरेल. मॅगकार्गो या लाव्हाच्या गोगलगायीचे तापमान सुमारे १०,००० अंश सेल्सिअस असल्याचे कोश सांगतो. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,५०० अंशांचा असतो, हे लक्षात घेता तिला पकडणाऱ्या मुलाचे आणि त्याच्या गावाचे काय व्हावे, याची कल्पनाच केलेली बरी. दुसरीकडे कॉस्मोएम नावाचा जेमतेम १० सेंटिमीटरचा प्राणी ९९९.९ किलोचा आहे. वजनाचा हा तपशील केवळ शोभेचाही नाही. 'लो किक'सारख्या चालींचा जोर २००२ पासून समोरच्याच्या वजनावर ठरतो.

निडोक्वीन याच गटातील. १९९६ मध्ये खेळात नर-मादी ही व्यवस्थाच नव्हती. केवळ निडोरान ही जात नर आणि मादी अशा दोन वेगळ्या प्राण्यांच्या रूपाने नोंदली होती. १९९९ मध्ये बहुतेक प्राण्यांना लिंग आणि अंडी देण्याची सोय मिळाली, तेव्हा या आधीच विभागलेल्या जोडीला नव्या नियमात बसवणे भाग पडले. जुने आणि नवे कापड जोडताना शिवण याच जागी उसवली. पुढे माहितीकोश लिहिणाऱ्याने निडोक्वीनच्या चित्रातली आई पाहिली आणि तिला पिल्लांची रक्षणकर्ती ठरवले. तक्ता सांभाळणाऱ्याच्या लेखी ती अंडी न देणाऱ्या गटातच राहिली.

या जातीच्या चुकांनी चाहते हसतात आणि कष्टीही होतात. खेळाचे विश्व एकसंध आहे, या भावनेवर त्यांचे प्रेम उभे असते आणि अशा चुका त्या विश्वाचे टाके दाखवतात.

दुरुस्तीचीही किंमत असते

मग निर्मात्यांनी साऱ्या चुका एकदाच दुरुस्त का करू नयेत? उत्तरासाठी २००६ कडे वळावे लागते.

पहिली दहा वर्षे खेळात असा नियम होता, की हल्ला शारीरिक बळाचा की विशेष शक्तीचा, हे त्याच्या प्रकारावरून ठरावे. आग, पाणी, वीज, बर्फ हे सारे विशेष. भूत, विष, कुस्ती हे शारीरिक. नियम सुटसुटीत होता, पण काही प्राण्यांची त्याने पुरती कुचंबणा केली. हिटमनचॅन हा मुष्टियोद्धा. त्याचे शारीरिक बळ १०५, विशेष शक्ती अवघी ३५. त्याच्या खास चाली म्हणजे आगीचा, बर्फाचा आणि विजेचा ठोसा. ठोसा मुठीनेच मारला जातो, परंतु प्रकार आग असल्यामुळे तो विशेष शक्तीच्या हिशेबात धरला जाई आणि या मुष्टियोद्ध्याचे सगळ्यांत नावाजलेले ठोसे फुसके ठरत. गेंगर या भुताची अवस्था याच्या उलट. त्याची विशेष शक्ती मोठी, पण भूत-प्रकार शारीरिक गणला जात असल्यामुळे स्वतःच्याच प्रकारचे हल्ले त्याला नीट करता येत नसत.

२००६ च्या 'डायमंड' आणि 'पर्ल'मध्ये हा नियम बदलला. आता प्रत्येक चाल स्वतंत्रपणे शारीरिक किंवा विशेष ठरू लागली. हिटमनचॅनला अखेर न्याय मिळाला आणि गेंगरची 'शॅडो बॉल' ही चाल प्रभावी झाली. दुरुस्ती तर्कशुद्ध होती, आणि आज बहुतेक चाहते ती या मालिकेतील मोठी सुधारणा मानतात. तरी तिची झळ बसली. जुन्या व्यवस्थेत गेंगर आगीचे, बर्फाचे आणि विजेचे ठोसे उत्तम वापरत असे, कारण ते विशेष होते. ज्या खेळाडूंनी आपला गेंगर त्या चालींसाठी परिश्रमाने तयार करून जुन्या आवृत्तीतून नव्या आवृत्तीत आणला, त्यांच्या हाती ते ठोसे एका रात्रीत निरुपयोगी झाले. हिटमनचॅनची भरपाई गेंगरच्या खिशातून झाली, असे म्हणता येईल.

नव्याने घडवलेल्या जुन्या खेळांतही हाच पेच पडतो. २००४ मध्ये पहिल्या खेळांची नवी आवृत्ती 'फायररेड' आणि 'लीफग्रीन' या नावांनी आली. १९९९ मध्ये गोल्बॅट या वटवाघळाला क्रोबॅट हे पुढचे रूप मिळाले होते. परंतु मूळ कथा १९९६ ची, तेव्हा क्रोबॅट नव्हता. म्हणून नव्या आवृत्तीत मुख्य कथा संपवून विस्तारित माहितीकोश हाती येईपर्यंत गोल्बॅटचे रूपांतर सुरू होऊन आपोआप थांबे. खेळाडूने अट पूर्ण केलेली, प्राणी रूपांतरासाठी सिद्ध, आणि खेळ मात्र इतिहासाची मर्यादा राखण्यासाठी त्याला अडवतो. जुन्या खेळाशी निष्ठा राखायची, तर नवा नियम मोडतो. नवा नियम पाळायचा, तर जुना खेळ जुना राहत नाही. चाहत्यांना दोन्ही हवे असते, आणि अनेकदा ती दोन्ही एकत्र नांदत नाहीत.

जे जमत होते, ते का काढले?

तिसऱ्या जातीच्या विसंगती मात्र यंत्रावर किंवा अनवधानावर ढकलता येत नाहीत. त्या निर्णयांतून येतात आणि त्यांचा सल अधिक काळ टिकतो.

२०१२ च्या 'ब्लॅक २' आणि 'व्हाइट २' या आवृत्त्यांत प्रथमच अवघड आणि सोपी अशा पातळ्या आल्या. कल्पना स्वागतार्ह होती. परंतु या पातळ्यांच्या 'किल्ल्या' खेळ पूर्ण केल्यावरच मिळत. शिवाय अवघड पातळीची किल्ली एका आवृत्तीत आणि सोपीची दुसरीत. ज्याला खेळ कठीण जातो, त्याने आधी तो कठीण खेळ जिंकावा, मग त्याला सोपा खेळ मिळेल, अशी ही व्यवस्था! दुसऱ्याकडून किल्ली मिळवण्याची सोय होती, पण त्यासाठी तो दुसरा खेळाडू भेटायला हवा.

अशीच तक्रार सुखसोयींच्या येण्या-जाण्याची. २००९ च्या 'हार्टगोल्ड' आणि 'सोलसिल्व्हर'मध्ये आपला आवडता प्राणी रस्त्याने आपल्या मागोमाग चालत असे. मागे वळून त्याच्याशी बोलता येई. लोकांना ते फार आवडले. २०१० च्या पुढच्या आवृत्तीत ही सोय नव्हती. २०१३ मध्ये आपल्या पात्राचे कपडे आणि केस बदलण्याची मोकळीक मिळाली, २०१४ च्या 'ओमेगा रुबी' आणि 'अल्फा सफायर'मध्ये ती गेली. त्याच खेळांच्या मूळ पिढीतील 'एमराल्ड' आवृत्तीत 'बॅटल फ्रंटियर' नावाचे आव्हानांचे मोठे संकुल होते. नव्या रूपात त्याचा केवळ उल्लेख आला, प्रत्यक्ष संकुल आले नाही.

या साऱ्याचा कडेलोट २०१९ मध्ये झाला. २००२ पासूनच्या आवृत्त्यांची साखळी अशी होती, की तेव्हा पकडलेला प्राणी एका यंत्रातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात नेत नेत थेट नव्या खेळापर्यंत आणता येई. कोणी शाळेत असताना पकडलेला प्राणी नोकरीला लागल्यावरही बाळगून होते. त्या जुन्या यंत्राची बॅटरी संपली, पडदा फुटला, तरी प्राणी पुढे गेला होता. 'स्वोर्ड' आणि 'शील्ड'मध्ये सर्व प्राण्यांना प्रवेश नसेल, असे २०१९ च्या जूनमध्ये जाहीर झाले. तोवर प्राण्यांची संख्या ८०० च्या वर गेली होती आणि नव्या खेळाच्या प्रादेशिक माहितीकोशात ४०० प्राणी होते. अधिक दर्जेदार चित्रण आणि खेळाचा समतोल ही कारणे निर्मात्यांनी दिली. कारणे खोटी नव्हती. एवढ्या प्राण्यांच्या हालचाली नव्याने घडवणे आणि त्यांच्या चालींचा ताळमेळ राखणे हे प्रचंड काम आहे. २०२० च्या दोन जोडभागांसोबत अनेक जुने प्राणी परतलेही. परंतु चाहत्यांच्या मनातील प्रश्न संख्येचा नव्हता. सतरा वर्षे जे वचन गृहीत धरून त्यांनी आपापले प्राणी सांभाळले, ते वचन होते की नव्हते, असा तो प्रश्न होता.

तक्रार कोण करतो?

वृत्तपत्राच्या संपादकीय कक्षात काम करणाऱ्याला हा सारा व्यवहार परका वाटत नाही. एकाच अंकात एके ठिकाणी 'म्हापसा' आणि दुसऱ्या ठिकाणी 'मापुसा' छापून आले, तर बातमीचा अर्थ बदलत नाही. तरीही सकाळी दूरध्वनी येतो. तो करणारा माणूस वरवर चाळणारा नसतो. शीर्षकापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा असतो, म्हणूनच त्याला फरक दिसतो. चाळणाऱ्याला विसंगती दिसतच नाही.

पोकेमॉनचे चाहते याच वर्गातील. दर तीन मादी अझुरिलपैकी एक नर होतो, हे कळण्यासाठी आधी कित्येक अझुरिल मन लावून वाढवावे लागतात. निडोक्वीनची विसंगती दिसण्यासाठी तिचे वर्णन वाचलेले असावे लागते आणि तिला पाळणाघरातही ठेवून पाहिलेले असावे लागते. काही चाहते तर विसंगती सांगून थांबत नाहीत, ती विश्वाच्या आतूनच सुसंगत ठरवण्याचा प्रयत्न करतात. पोकेडेक्समधील अचाट आकडे हे प्रवासाला निघालेल्या दहा-बारा वर्षांच्या पोरांनीच नोंदवलेले असणार, मग ते फुगवलेले असले तर नवल काय, अशी एक लाडकी उपपत्ती आहे. त्या उपपत्तीतही खेळाला वाचवण्याचीच धडपड दिसते.

निर्मात्यांच्या बाजूनेही विचार करायला हवा. जवळपास तीन दशके चाललेल्या मालिकेत पहिल्या दिवशीचे लोक सगळे राहत नाहीत, यंत्रे बदलतात, आणि दर आवृत्तीला काही मुले आयुष्यात प्रथमच हा खेळ हाती घेत असतात. त्यांना चारिझार्डला एकदा उडण्याची मनाई होती, हे ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. जुन्यांची स्मृती आणि नव्यांची सोय या दोहोंत निवड करताना प्रत्येक वेळी कोणी तरी दुखावणारच. चाहत्यांचे म्हणणे ऐकले, तर त्यांची अपेक्षाही अवास्तव नाही. चूक झाली तर ती दुरुस्त व्हावी, नियम बदलला तर तो उघडपणे बदलावा, आणि एकदा दिलेले काही परत घ्यायचे असेल, तर त्याचे कारण वेळेवर सांगावे, एवढेच त्यांचे मागणे असते.

घरातील मुलाने पडद्याकडे बोट दाखवून 'हे चुकीचे आहे' असे म्हटले, तर 'खेळच तर आहे' असे म्हणून त्याला गप्प करू नये. काय चुकीचे आहे, हे विचारावे. उत्तरात ० ते २५५ पर्यंतच्या अंकांचा हिशेब निघेल, संभाव्यतेचे गणित निघेल, किंवा देवमाशाच्या वजनाची तुलना निघेल. दोन ठिकाणी लिहिलेल्या दोन गोष्टी ताडून पाहण्याची सवय त्या मुलाला लागलेली असते, आणि ती पुढे पाठ्यपुस्तकाला, जाहिरातीला आणि वर्तमानपत्रालाही लावता येते.